रोग अडविणारी सीमा : वृक्षरोगग्रस्त क्षेत्रातील लाकूडतोडीचे नियम

स्वतःच्या जमिनीवरील झाड तोडावे आणि त्याचे लाकूड विकावे, हा जमीनमालकाचा स्वाभाविक हक्क समजला जातो. तथापि झाडाला जडलेल्या रोगास सात-बाराच्या उताऱ्यावरील हद्द ठाऊक नसते. पावसाच्या तुषारांबरोबर, ओढ्याच्या पाण्याबरोबर, मालमोटारीच्या चाकांना लागलेल्या चिखलाबरोबर आणि सालीसकट नेलेल्या ओंडक्याबरोबर तो एका शिवारातून दुसऱ्या शिवारात जातो. म्हणूनच एखाद्या प्रदेशात वृक्षांचा घातक रोग आढळून आल्यास शासनाला तेथील लाकूडतोडीवर आणि त्याहूनही अधिक लाकडाच्या वाहतुकीवर काही निर्बंध घालावे लागतात. या निर्बंधांच्या व्यवस्थेस वनस्पती-संगरोध असे म्हणतात. माणसांच्या साथीच्या वेळी ज्यास आपण क्वारंटाइन म्हणतो, त्याचेच हे वनातील रूप होय.

असे नियम कसे आखले जातात, ते जमीनमालकाकडून नेमकी कशाची अपेक्षा करतात आणि त्यांना यश किंवा अपयश कशामुळे येते, हे समजून घेण्यास अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्निया व ऑरेगन या दोन राज्यांचा अनुभव विशेष उद्बोधक आहे. 'ओकचा आकस्मिक मृत्यू' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोगाशी ही राज्ये पाव शतकाहून अधिक काळ झगडत आहेत.

कोळेरोगाचा दूरचा भाऊबंद

या रोगास कारणीभूत असलेल्या सूक्ष्मजीवाचे शास्त्रीय नाव फायटॉप्थोरा रॅमोरम असे आहे. फायटॉप्थोरा हे नाव अपरिचित वाटले तरी त्याच्या कुळाची करणी आपल्या शेतकऱ्यांच्या चांगलीच परिचयाची आहे. कोकणातील सुपारीच्या बागांत ऐन पावसाळ्यात कोवळी फळे सडवून गळून पाडणारा कोळेरोग याच कुळातील सूक्ष्मजीवामुळे होतो. बटाट्यावरील उशिरा येणारा करपा हेही याच कुळाचे काम. १८४५ पासून आयर्लंडमध्ये ज्या दुष्काळाने सुमारे दहा लक्ष माणसे दगावली, त्याच्या मुळाशी हाच करपा होता.

हे जीव बुरशीसारखे दिसत असले तरी शास्त्रज्ञ त्यांची गणना खऱ्या बुरशीत करीत नाहीत. त्यांचे बीजाणू पाण्यात पोहू शकतात. साहजिकच ओलावा, धुके आणि वाऱ्याबरोबरचा पाऊस ही त्यांच्या प्रसाराची मुख्य साधने होत. सुपारीच्या बागाईतदाराने पावसाच्या प्रारंभीच बोर्डो मिश्रणाची फवारणी उरकावी असा जो आग्रह धरला जातो, त्याचे कारणही हेच आहे. परंतु बागेतील सुपारीवर फवारणी करणे वेगळे आणि डोंगरउतारावर पसरलेल्या हजारो एकर अरण्यावर उपाय करणे वेगळे. जंगलातील रोगट झाड बरे करील असे औषध उपलब्ध नाही. तेथे शासनाच्या हाती उरतात ती साधने दोनच : रोगट झाडे काढून टाकणे आणि त्यांचे अवशेष इतरत्र जाऊ न देणे.

धुक्याच्या किनाऱ्यावरील मरगळ

१९९० च्या दशकाच्या मध्यास कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस असलेल्या मरीन काउंटीमध्ये, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या विभागात, टॅनओक जातीची झाडे मोठ्या संख्येने वाळू लागल्याचे दिसून आले. पाठोपाठ ओकच्या काही जातीही मरू लागल्या. खोडाच्या सालीतून गर्द तांबडा-काळा स्राव पाझरावा आणि पुढे संपूर्ण शेंडा थोड्याच दिवसांत तपकिरी पडावा, असे या मरणाचे स्वरूप होते. २००० साली संशोधकांनी रोगकारक जीव वेगळा करून ओळखला. तोच जीव १९९३ पासून जर्मनी व नेदरलँड्समध्ये ऱ्होडोडेंड्रॉनसारख्या शोभेच्या झाडांवर आढळत होता, असे तेव्हा ध्यानात आले. २००१ मध्ये त्यास सध्याचे नाव मिळाले. त्याचे मूळ स्थान आशियात असावे, असे व्हिएतनाम व जपान येथील जंगलांत झालेल्या अलीकडच्या संशोधनावरून दिसते. सारांश, रोपवाटिकांच्या व्यापाराने त्यास एका खंडातून दुसऱ्या खंडात नेले आणि तेथील वृक्षांजवळ त्याच्याशी झुंजण्याची अंगभूत शक्ती नव्हती.

रोगाच्या नावातील 'आकस्मिक' हा शब्द मात्र काहीसा फसवा आहे. शेंडा अकस्मात वाळताना दिसतो हे खरे. पण त्यापूर्वी एक किंवा अनेक वर्षे झाड आतून रोगग्रस्त झालेले असते. बाहेरून निरोगी दिसणाऱ्या झाडाची पाने व डहाळ्या या काळात बीजाणू सोडीत राहतात. नियमांची सारी कठोरता आणि त्यांची सारी अडचण या एका गोष्टीत साठलेली आहे. मेलेले झाड हे रोगाच्या आगमनाची खूण नसून त्याच्या मुक्कामाची खूण असते. त्यामुळे मेलेल्या झाडांभोवती आखलेली सीमा बहुधा उशिरा आखली जाते.

या रोगाने कॅलिफोर्नियात लक्षावधी झाडे नष्ट झाली. त्यांत टॅनओकची हानी सर्वांत मोठी आहे. आपल्याकडे बाभळीची किंवा तरवडाची साल ज्या कामासाठी वापरीत, त्या कातडी कमावण्याच्या कामी एके काळी या वृक्षाची साल फार मोठ्या प्रमाणावर खपत असे. त्याच्या नावातील 'टॅन' हा शब्द त्याचाच निदर्शक आहे. तो धंदा मागे पडल्यावर बाजाराच्या दृष्टीने टॅनओकला फारशी किंमत उरली नाही. तथापि युरोक, कारुक, हूपा, टोलोवा इत्यादी मूळ रहिवासी जमातींच्या आहारात व धार्मिक जीवनात टॅनओकच्या फळांना पिढ्यान्‌पिढ्या मानाचे स्थान आहे. बाजारभावात न मोजता येणारी ही हानी आहे.

त्रिस्तरीय निर्बंध

अमेरिकेत या रोगासंबंधीचे निर्बंध तीन पातळ्यांवर अंमलात येतात. संघ शासनाच्या कृषी विभागाने फेब्रुवारी २००२ मध्ये रोगग्रस्त काउंट्यांतून बाहेर जाणाऱ्या वनस्पती, जळाऊ लाकूड, सालीचे तुकडे इत्यादी वस्तूंवर नियंत्रण आणले. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणारी ने-आण ही या नियमांची कक्षा होय. राज्यांतर्गत वाहतुकीसाठी कॅलिफोर्निया आणि ऑरेगन या राज्यांचे स्वतःचे संगरोध नियम आहेत. कॅलिफोर्नियात किनारपट्टीच्या व तिच्या लगतच्या काउंट्या एकामागून एक या नियमांखाली आल्या. २०२० मध्ये डेल नॉर्ट ही सोळावी काउंटी त्यांत समाविष्ट झाली. तिसरी पातळी स्थानिक अंमलबजावणीची. कॅलिफोर्नियात ती काउंटीचा कृषी आयुक्त पाहतो. रोगग्रस्त क्षेत्रातून माल बाहेर नेऊ इच्छिणारा जमीनमालक, ठेकेदार किंवा व्यापारी त्याच्याशी लेखी करार करतो आणि करारातील अटी पाळण्याची हमी देतो.

याखेरीज लाकूडतोडीचा सर्वसाधारण कायदा आपल्या जागी आहेच. कॅलिफोर्नियात १९७३ च्या वनव्यवहार कायद्यानुसार व्यापारी तोडीसाठी नोंदणीकृत वनतज्ज्ञाकडून तोडीचा आराखडा तयार करून घेऊन तो राज्याच्या वन व अग्निसंरक्षण विभागाकडे मंजुरीसाठी सादर करावा लागतो. क्षेत्र रोगग्रस्त म्हणून घोषित झालेले असल्यास रोगप्रसार टाळण्याची उपाययोजना त्या आराखड्यात नमूद करावी लागते. मेलेली, मरणोन्मुख किंवा रोगट झाडे थोड्या प्रमाणात काढावयाची असल्यास, म्हणजे एकरी सरासरी लाकडाच्या १० टक्क्यांपेक्षा कमी, संपूर्ण आराखड्याऐवजी सूट मागण्याची नोटीस पुरते. ही सूट आराखड्यापुरतीच आहे. संगरोधाचे नियम तिच्यामुळे शिथिल होत नाहीत. ऑरेगनमध्ये जमीनमालकाने तोड सुरू करण्यापूर्वी राज्य वनाधिकाऱ्यास सूचना द्यावयाची आणि साधारणपणे १५ दिवस थांबावयाचे, अशी पद्धत आहे. या मुदतीत शासकीय वनकर्मचारी जागा पाहून मार्गदर्शन करू शकतात.

बंदी तोडीवर की वाहतुकीवर?

अशा क्षेत्रात झाडाला हातच लावता येत नाही, असा गैरसमज जमीनमालकांत सहज पसरतो. वस्तुस्थिती निराळी आहे. रोगट टॅनओक तोडण्यास नियमांचा विरोध नाही; कित्येक ठिकाणी तो तोडावा असाच शासनाचा आग्रह असतो. नियमांचा खरा रोख आहे तो तोडलेल्या लाकडाच्या प्रवासावर. तोडलेले झाड जागच्या जागी ठेवले, तेथेच जाळले किंवा तेथेच सरपण म्हणून वापरले, तर रोग नव्या प्रदेशात जात नाही. तेच लाकूड सालीसकट शंभर मैलांवरच्या गावी शेकोटीसाठी नेले, तर बीजाणूंना अनेक वर्षांचा प्रवास एका दिवसात घडतो. म्हणूनच जळाऊ लाकूड ज्या ठिकाणी विकत घ्यावे त्याच ठिकाणी जाळावे, हा संदेश या राज्यांत सहलीला जाणाऱ्या नागरिकांपर्यंतही सातत्याने पोचविला जातो.

कोणत्या मालावर निर्बंध असावा, हे ठरविताना रोगाच्या स्वभावाचा बारकाईने विचार करण्यात आला आहे. हा रोग शंभराहून अधिक जातींच्या वनस्पतींवर आढळतो. पण सर्व जातींत त्याचे वर्तन सारखे नाही. टॅनओकच्या पानांत व डहाळ्यांत बीजाणू तयार होतात आणि त्याचे खोडही सडते. कॅलिफोर्निया बे लॉरेल या वृक्षाची केवळ पाने रोगट होतात. तो स्वतः मरत नाही, परंतु शेजारच्या झाडांवर बीजाणूंचा वर्षाव करीत राहतो. याउलट किनाऱ्यावरील ओकच्या खोडावर रोग जीवघेणा ठरत असला तरी त्या खोडातून तो सहसा पुढे पसरत नाही. डग्लस फर आणि रेडवूड या व्यापारी दृष्ट्या अत्यंत मोलाच्या वृक्षांत रोग सुयांसारख्या पानांपुरता व बारीक डहाळ्यांपुरता राहतो, मुख्य खोडात शिरत नाही. त्यामुळे या वृक्षांच्या बाबतीत खरी दक्षता घ्यावी लागते ती डहाळ्या, पाला व शेंडे यांची. त्यांचे जाड ओंडके सॉ मिलकडे जाण्याचा मार्ग खुला राहतो. किनारपट्टीच्या लाकूड-व्यवसायाचा कणा असलेले हे वृक्ष सरसकट बंदीतून वाचले, याचे श्रेय अशा भेद करणाऱ्या नियमांना द्यावे लागेल.

रोगास बळी पडणाऱ्या जातींचे लाकूड क्षेत्राबाहेर न्यावयाचे झाल्यास साल पूर्णपणे काढणे हा सर्वांत सोपा मार्ग होय. रोगजंतू प्रामुख्याने सालीत व तिच्या लगतच्या थरात वास करतात. साल गेली की धोक्याचा मोठा भाग गेला. काढलेली साल मात्र संगरोध क्षेत्रातच राहिली पाहिजे, हे ओघानेच आले.

तोडीच्या कामातील दक्षता

जमीनमालकाने व ठेकेदाराने प्रत्यक्ष कामात कोणती काळजी घ्यावी, याविषयी वनखाती व विद्यापीठे यांनी दिलेल्या सूचना साध्या आहेत. त्यांचा गोषवारा असा :

(१) शंका असल्यास प्रथम तपासणी. खोडातून स्राव पाझरणे किंवा शेंडा वाळणे हे अन्य रोगांमुळे व किडींमुळेही घडते. प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय निदान पक्के मानू नये.

(२) कामाचा हंगाम कोरडा निवडावा. ओल्या मातीत यंत्रे चालविल्यास चिखल व पाला त्यांना चिकटून दूरवर जातो. तेथे पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो, म्हणून उन्हाळा हा कामास योग्य काळ ठरतो.

(३) कामाचा क्रम ठरवावा. एकाच मालकाच्या जमिनीचा काही भाग रोगट व काही निरोगी असेल, तर आधी निरोगी भागातील काम उरकावे आणि मग रोगट भागात जावे.

(४) यंत्रे, मालमोटारी, करवती आणि कामगारांची पादत्राणे क्षेत्र सोडण्यापूर्वी स्वच्छ करावीत. माती व पाला खरवडून काढणे आणि धुणे हे काम जागेवरच व्हावे. धुण्याचे पाणी ओढ्यात जाऊ देऊ नये.

(५) फांद्या व पाला यांची विल्हेवाट जागीच लावावी. आगीचा धोका नसलेल्या मोसमात, परवानगी घेऊन, ते जाळणे हा उत्तम उपाय होय.

(६) टॅनओकच्या बाबतीत फुटव्यांकडे लक्ष द्यावे. तोडलेल्या बुंध्यातून या वृक्षास जोमदार फुटवे येतात आणि कोवळ्या फुटव्यांवर रोग पुन्हा तग धरतो. यासाठी ऑरेगनमध्ये झाड तोडण्यापूर्वी खोडास खाचा पाडून त्यांत तणनाशक सोडण्याची पद्धत अवलंबिली गेली.

या सूचनांपैकी एकही खर्चाच्या दृष्टीने अशक्य कोटीतील नाही. मात्र प्रत्येक सूचनेसाठी कामाचे काही तास किंवा दिवस वाढतात, आणि दिवसाच्या भाड्याने यंत्रे आणणाऱ्या ठेकेदाराला ते जाणवतात. याकरिता तोडीच्या करारातच स्वच्छतेची जबाबदारी व तिचा मोबदला स्पष्टपणे लिहिलेला असणे हितावह ठरते.

ऑरेगनचा अनुभव

नियम चांगले असूनही रोग का पसरतो, या प्रश्नाचे उत्तर ऑरेगनच्या दक्षिण टोकावरील करी काउंटीत सापडते. जुलै २००१ मध्ये ब्रुकिंग्ज गावाच्या परिसरात विमानातून केलेल्या पाहणीत वाळलेले टॅनओक आढळले. शासनाने तत्काळ सुमारे ९ चौरस मैलांचे संगरोध क्षेत्र घोषित केले आणि रोगाचे समूळ निर्मूलन करण्याचा निर्धार केला. रोगट झाड आणि त्याच्याभोवतीची रोगास बळी पडू शकणारी सर्व झाडे तोडून जाळण्यात आली. आरंभी हे वर्तुळ ५० ते १०० फुटांचे होते. पुढे अनेक ठिकाणी ते ३०० फुटांपर्यंत वाढविण्यात आले. विमानातून पाहणी, पायी पाहणी, ओढ्यांत जाळीच्या पिशवीतून ताजी पाने बुडवून ठेवून पाण्यातील बीजाणूंचा माग काढणे, असे शोधाचे नानाविध उपाय योजण्यात आले.

या मोहिमेने अनेक ठिकाणची केंद्रे खरोखरच विझली आणि प्रसाराचा वेग निश्चितपणे कमी झाला. तरीही रोग पुढे सरकत राहिला. लक्षणे दिसण्यापूर्वीचा दीर्घ काळ, ओले वसंतऋतू, अवघड चढणी आणि शोध लागल्यापासून तोड होईपर्यंत निधी व मनुष्यबळाअभावी जाणारे महिने, ही त्याची कारणे होत. एका पावसाळी हंगामाचा विलंब म्हणजे बीजाणूंना मिळालेली एक पूर्ण संधी. २०१० नंतर संपूर्ण निर्मूलनाचे ध्येय बाजूस ठेवून प्रसाराचा वेग मंदावणे हे नवे ध्येय स्वीकारण्यात आले. २०१२ मध्ये रोगाने पूर्णपणे व्यापलेला गाभ्याचा प्रदेश वेगळा काढण्यात आला. तेथे झाडे तोडून नष्ट करण्याची सक्ती उठविण्यात आली, परंतु माल बाहेर नेण्यावरील निर्बंध कायम राहिले. उपलब्ध निधी क्षेत्राच्या कडेवरील नव्या केंद्रांवर खर्च होऊ लागला. २०१५ पर्यंत संगरोध क्षेत्र ५१५ चौरस मैलांपर्यंत विस्तारले होते.

२०२१ मध्ये पोर्ट ऑरफर्ड गावाजवळ, तोपर्यंतच्या सर्वांत जवळच्या केंद्रापासून सुमारे २० मैल उत्तरेस, रोग अचानक प्रकट झाला. तो ऑरेगनच्या जंगलांत पूर्वी न आढळलेल्या वंशप्रकाराचा होता. वाऱ्यापावसाने हळूहळू सरकत आलेला हा रोग नव्हता. बाहेरून नव्याने येऊन पोचलेला होता. या घटनेने एक जुनी गोष्ट पुन्हा अधोरेखित झाली. जंगलाच्या एका टोकास शेकडो झाडे जाळून मिळविलेले यश रोपांच्या एका बेफिकीर खेपेने वाया जाऊ शकते. २००४ साली कॅलिफोर्नियातील एका मोठ्या रोपवाटिकेतून रोगग्रस्त रोपे अनेक राज्यांत रवाना झाली होती. त्यानंतर रोपवाटिकांवरील तपासणीचे नियम कडक करण्यात आले.

भार कोणी सोसावा?

वृक्षरोगाच्या कायद्यातील सर्वांत नाजूक प्रश्न आर्थिक स्वरूपाचा आहे. रोग आपल्या जमिनीवर आहे असे कळविणाऱ्या मालकास त्याची शिक्षा भोगावी लागत असेल, तर पुढचा मालक कळविणारच नाही. वाळलेले झाड तो गुपचूप तोडील, सरपण म्हणून विकून टाकील आणि रोग अधिक वेगाने पसरेल. ज्या मालकाने लपवाछपवी केली तोच नफ्यात राहिला, असा अनुभव आल्यास कोणताही नियम टिकत नाही. ही अडचण ओळखून ऑरेगनमध्ये खाजगी जमिनींवरील रोगट झाडे काढण्याचा खर्च मुख्यतः राज्य व संघ शासनाच्या निधीतून करण्यात आला. शेजाऱ्याच्या अरण्याचे रक्षण हा सार्वजनिक लाभ असल्यामुळे त्याचा खर्चही सार्वजनिक तिजोरीतून व्हावा, हा यामागील विचार आहे.

ब्रिटनमध्ये याच रोगाने वेगळा वृक्ष गाठला. २००९ साली इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात जपानी लार्च या व्यापारी लागवडीच्या वृक्षावर तो आढळला आणि लवकरच वेल्स व स्कॉटलंडमध्ये पसरला. तेथे वनाधिकारी जमीनमालकावर कायदेशीर नोटीस बजावतात आणि ठराविक तारखेपूर्वी रोगट लार्च तोडणे त्यास बंधनकारक होते. तोडलेल्या लार्चचे लाकूड वाया जात नाही. परवाना घेऊन ते अधिकृत केलेल्या गिरण्यांकडेच पाठवावे लागते आणि साल व अवशेष यांची विल्हेवाट तेथे नियमानुसार लावली जाते. तोडाव्या लागलेल्या झाडांची भरपाई मालकास मिळत नाही, मात्र पुनर्लागवडीसारख्या कामांना अनुदानाची जोड दिली जाते. एकाच वेळी अनेकांवर नोटिसा बजावल्या गेल्या की बाजारात लार्चची आवक वाढून भाव उतरतात, हा आणखी एक फटका. स्कॉटलंडच्या नैर्ऋत्येस गॅलोवे भागात रोग आटोक्याबाहेर गेल्यावर २०१४ मध्ये तेथेही ऑरेगनप्रमाणेच सक्तीची तोड थांबवून वेगळे व्यवस्थापन-क्षेत्र आखण्यात आले. दोन भिन्न देशांनी, दोन भिन्न वृक्षांच्या बाबतीत, अनुभवांती सारखाच मार्ग पत्करावा हे लक्षणीय आहे.

आपल्या दृष्टीने महत्त्व

महाराष्ट्रातील जमीनमालकास तोडीची परवानगी व वाहतुकीचा परवाना या गोष्टी नवीन नाहीत. खाजगी जमिनीवरील अनुसूचित वृक्ष तोडण्यास १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायद्यानुसार पूर्वपरवानगी लागते आणि लाकडाच्या वाहतुकीसाठी वनविभागाचे नियम आहेत. या व्यवस्थेचा हेतू बेकायदा तोड व चोरी यांस आळा घालणे हा आहे. लाकूड कोणाचे, ते कोठून आले, हे त्या परवान्यावरून कळते. संगरोधाचा परवाना याहून वेगळा प्रश्न विचारतो : लाकडासोबत आणखी काय चालले आहे? मालकी निर्विवाद असलेला ओंडकादेखील या दुसऱ्या कसोटीवर अडू शकतो. दोन्ही परवान्यांतील हा फरक समजला की संगरोधाचे नियम मालकी हक्कावरील अविश्वासातून आलेले नाहीत, हे पटण्यास मदत होते.

भारतात वनस्पतींच्या घातक कीड-रोगांना प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा १९१४ पासून अस्तित्वात आहे. परदेशांतून येणाऱ्या मालाबरोबरच देशांतर्गत वाहतुकीवर निर्बंध घालण्याची तरतूदही त्यात आहे. पश्चिम बंगालमधील बटाट्याच्या 'वॉर्ट' रोगासाठी तिचा वापर झाला. परदेशी लाकूड व रोपे यांच्या आयातीचे नियमन २००३ च्या वनस्पती-संगरोध आदेशानुसार होते. मुंबई व न्हावा-शेवा या बंदरांत उतरणाऱ्या लाकडासोबत निर्यातदार देशाचे आरोग्य-प्रमाणपत्र असावे लागते आणि कीडनाशक धुरीसारखी प्रक्रिया झालेली असावी लागते. यंत्रसामग्रीबरोबर येणाऱ्या लाकडी खोक्यांनाही सूट नाही. आंतरराष्ट्रीय मानकानुसार असे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस तपमानास सलग ३० मिनिटे तापविलेले किंवा मान्य धुरी दिलेले असावे लागते आणि त्याचा ठसा खोक्यावर उमटविलेला असतो.

वृक्षरोगाने अर्थव्यवस्थेवर घाला घातल्याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. १८९९ मध्ये कुर्ग भागात नोंद झालेल्या चंदनाच्या 'स्पाइक' रोगाने दक्षिणेतील चंदनवनांची मोठी हानी केली आणि त्यावर खात्रीचा इलाज अद्यापही सापडलेला नाही. शेतबांधावर व खाजगी जमिनीवर चंदन, साग, बांबू यांची लागवड वाढत असताना निरोगी रोपांचा आग्रह धरणे, खरेदी केलेल्या रोपांची नोंद ठेवणे आणि झाड अनपेक्षितपणे वाळू लागल्यास कृषी अथवा वनविभागाच्या कर्मचाऱ्यास वेळीच दाखविणे, या सवयी आपल्याकडेही रुजणे अगत्याचे आहे.

ऑरेगन व ब्रिटन येथील अनुभवाचे सार थोडक्यात सांगावयाचे तर असे : सीमा नकाशावर शासन आखते, पण तिची राखण त्या जमिनीवर रोज वावरणारा माणूस करतो. विमानातून दिसणारे झाड बहुधा मेलेले असते. पाझरणारी साल प्रथम दिसते ती बांधावरून जाणाऱ्या मालकाला. ते दिसल्यावर त्याने निर्धास्तपणे कळवावे, त्याला तत्परतेने तज्ज्ञांचा सल्ला व खर्चाचा आधार मिळावा आणि तोड पुढचा पाऊस येण्यापूर्वी पूर्ण व्हावी, एवढे साधले तर नियमांचा हेतू सफल होतो. या तीन दुव्यांपैकी एक जरी निखळला, तरी पुढील पाहणीत सीमा आणखी काही मैल पुढे सरकलेली आढळते.